बर्फवादळात मोडलेली झाडं: काय कापायचं, काय राखायचं, कशासाठी थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य न्यू जर्सीतलं घर. गोठत्या पावसाचं वादळ होऊन गेलं. मागच्या अंगणातल्या सिल्व्हर मेपलची एक मोठी फांदी तुटून लोंबकळते आहे आणि खोडाच्या बेचक्यात भेग दिसते आहे. पुढच्या दारचं ब्रॅडफर्ड पेअर उभं चिरलं आहे. रिव्हर बर्चचे शेंडे वाकून जमिनीला टेकले आहेत आणि कुंपणालगतची आर्बरव्हायटीची (दाट वाढणाऱ्या सदाहरित झुडपांची) रांग मधोमध फाकली आहे. दारावर आलेला एक झाडं कापणारा म्हणतो, ‘सगळ्यांचे शेंडे वरून सरसकट उतरवतो, पुढच्या हिवाळ्यात काळजी नाही.’ साताऱ्याहून आई फोनवर सांगताहेत की जखमेवर गेरू किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. यातलं काय करायचं?

पहिलं उत्तर त्या माणसाला द्या, आणि ते ‘नको’ असं द्या. मी इथे बरीच वर्षं झाडांचं काम करतो. वादळानं मोडलेली झाडं बहुतेक सावरतात. वादळानंतरच्या पंधरा दिवसांत घाईघाईनं शेंडे छाटलेली झाडं मात्र पुढची दहा वर्षं खंगत जातात. तुमच्या चार झाडांना चार वेगळी उत्तरं आहेत, पण ‘सरसकट शेंडे उतरवा’ हे त्यातल्या एकालाही लागू पडत नाही.

आधी जिवाचं बघा. लोंबकळणाऱ्या फांदीखालून मुलांना, कुत्र्याला जाऊ देऊ नका. अंगणाचा तेवढा भाग दोरी बांधून बंद करा. तुटलेली फांदी वर कुठेतरी नुसती अडकलेली असते आणि वारा नसतानाही, उन्हानं बर्फ सुटला की खाली येते. विजेच्या खांबापासून घरापर्यंत येणाऱ्या तारेवर काही पडलं असेल, तर किमान १० मीटर लांब राहा आणि वीज कंपनीला फोन करा. तार मेलेली आहे की जिवंत, हे नुसतं बघून कुणालाच कळत नाही. जमिनीवरून, हातातल्या करवतीनं जेवढं पोचतं तेवढंच स्वतः करा. शिडीवर चढून चेनसॉ चालवू नका. जमिनीपर्यंत वाकलेली, ताण बसलेली फांदी कापतानाही जपा. कापताक्षणी ती उसळून तोंडावर येते.

काहीही हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. झाड घरावर, गॅरेजवर पडलं असेल तर विमा सहसा उपयोगी पडतो. नुसतं अंगणात पडलं असेल तर बहुतेक वेळा नाही. तरी तुमची पॉलिसी नीट वाचा. पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीतलं झाड बहुतेक गावांत नगरपालिकेचं असतं. त्याला हात लावण्याआधी गावच्या शेड ट्री कमिशनला, म्हणजे सार्वजनिक झाडांची देखरेख करणाऱ्या समितीला, विचारा.

फांद्यांवर अजून बर्फ असेल तर दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. भुसभुशीत हिम असेल तर लांब दांड्याचा झाडू फांदीखाली धरून हलकेच वर उचला, हिम गळून पडतं. पण गोठत्या पावसाचा काचेसारखा थर चढला असेल तर काहीच करू नका. तो थेंब येताना पाणी असतो आणि शून्याखाली गेलेल्या फांदीला टेकताच गोठतो, त्यामुळे प्रत्येक काडीला चारही बाजूंनी घट्ट चिकटतो. ठोकलात तर बर्फाबरोबर फांदीही तुटते, कारण त्या थंडीत लाकूड ठिसूळ असतं. गरम पाणी ओतणारे लोकही मी पाहिले आहेत. तसं केल्यानं साल आणि कळ्या भाजतात, आणि ते पाणी पुन्हा तिथेच गोठतं. पाव इंच जाडीच्या थरालाच इथलं हवामान खातं बर्फवादळ म्हणतं. पानं नसलेल्या झाडाच्या काड्याकाड्यांवर तेवढा थर चढला की फांदीवर तिच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तेव्हा तुमची झाडं मोडली म्हणजे तुम्ही निगा राखली नाही, असं मनाला लावून घेऊ नका.

आता झाड वाचेल की नाही हे कसं ठरवायचं? जानेवारी १९९८ मध्ये क्वीबेक, पूर्व ओंटारिओ, उत्तर न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडमध्ये जे प्रचंड बर्फवादळ झालं, त्यानंतर अमेरिकी वनसेवेच्या संशोधकांनी मोडक्या झाडांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला. त्यातून हाती आलेला ठोकताळा आम्ही अजून वापरतो. पर्णसंभाराचा, म्हणजे पानं धरणाऱ्या फांद्यांच्या घेराचा, निम्म्याहून कमी भाग गेला असेल तर पानझडी झाड सहसा सावरतं. निम्मा ते पाऊण भाग गेला असेल तर बहुतेक जगतात, पण वाढ मंदावते आणि बुरशीला वाट मिळते. पाऊण भागाहून जास्त गेला तर आशा कमी. हा अंदाज जमिनीवर पडलेल्या ढिगाकडे बघून करू नका, ढीग नेहमी भयंकर दिसतो. दूर उभे राहून झाडावर काय उरलंय ते बघा. पर्णसंभाराइतकंच महत्त्व खोडाला आणि मुळांना आहे. बुंध्याजवळची माती एका बाजूनं उचलली गेली असेल, जमिनीला चिरा पडल्या असतील आणि झाड मोठं असेल, तर फांद्या शाबूत असल्या तरी ते धोक्याचं आहे. चारेक इंच जाडीपर्यंतचं कोवळं झाड मुळं ओली ठेवून पुन्हा उभं करता येतं. त्याहून मोठ्याला दोर लावून ओढू नका, उरलेली मुळंही तुटतात.

इथे झाडाच्या स्वभावाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. आपली कातडी कापली तर ती नव्या पेशींनी भरून येते. झाडाचं तसं नसतं. जखमी झालेलं लाकूड तसंच आत राहतं. झाड त्याच्याभोवती आडवे-उभे बांध घालतं, कुज पुढे सरकू देत नाही, आणि बाहेरून नवं लाकूड चढवत ती जागा मिटवून टाकतं. अमेरिकी वनसेवेतल्या डॉ. अ‍ॅलेक्स शिगो यांनी चेनसॉनं हजारो झाडं चिरून हे दाखवून दिलं आणि १९७७ च्या त्यांच्या पुस्तिकेनं झाडं छाटण्याची पद्धतच बदलली. झाडाचं सगळ्यात मजबूत संरक्षण फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कडेत असतं. तुमचा काप त्या कडेच्या लगेच बाहेर आला तर झाड आपलं काम आपण करतं. कड खोडासकट सपाट कापलीत तर तुम्ही त्याचा बांध फोडलात. लांब खुंट ठेवलात तर तो वाळतो, कुजतो आणि कुज खोडात नेतो. शेंडे उतरवण्यात नेमकं हेच होतं. फांदीच्या अधेमध्ये, जिथे असा बांधच नाही तिथे डझनभर काप बसतात. शिवाय पानंही जातात. झाडाचं अन्न पानांत तयार होतं आणि मोडलेल्या झाडाला नेमकं तेच अन्न हवं असतं. मग ते साठवलेला पिष्टमय साठा उपसून खुंटांवर भराभर सरळसोट फुटवे काढतं. हे फुटवे वरच्या सालीत नुसते चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात. ‘पुढच्या हिवाळ्यात काळजी नाही’ हे म्हणणं म्हणूनच खोटं आहे.

मोडलेल्या मोठ्या फांदीसाठी तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूनं, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी गळून पडते आणि साल खोडावरून सोलत खाली येत नाही. मग उरलेला खुंट फुगीर कडेच्या बाहेर तिसऱ्या कापानं काढायचा. फांदी मधेच मोडली असेल तर मागे सरकत एखाद्या चांगल्या उपफांदीपर्यंत या आणि तिच्यापाशी कापा. ती उपफांदी कापलेल्या भागाच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी जाड असावी, म्हणजे पुढचा कारभार ती सांभाळते. तशी उपफांदीच नसेल तर पहिल्या वर्षी थोडा जास्त खुंट राहू द्या. त्यावर फुटवे येतील आणि त्यांतून निवड करता येईल. साल फाटून लोंबत असेल तर सुटलेला भाग धारदार चाकूनं, जिथे ती अजून लाकडाला चिकटली आहे तिथपर्यंतच काढा. जखमेला बदामी आकार देण्यासाठी चांगली साल कापण्याची जुनी रीत आता कुणी वापरत नाही.

आईंच्या सल्ल्याबद्दल. त्या चुकीचं सांगत नाहीत. त्यांच्याकडे संत्र्या-मोसंबीच्या बागेत खोडाला बोर्डो पेस्ट लावतात ती डिंक्यासारख्या बुरशीजन्य रोगांसाठी, आणि तिथे तिचा उपयोग आहे. पण मेपलच्या कापावर गेरू, रंग, डांबर किंवा दुकानात मिळणारा काळा स्प्रे लावून कुज थांबत नाही. उलट लेपाखाली ओल धरून राहते. काप उघडा ठेवा. मार्चमध्ये मेपल आणि बर्चच्या कापातून पाणी ठिबकायला लागेल. त्याला घाबरू नका, मेपल सिरप ज्यापासून करतात तोच हा रस. त्यानं झाडाला अपाय होत नाही.

काप उघडा ठेवण्याच्या या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो टेक्साससाठी जीवनमरणाचा आहे. तुमचे कुणी ऑस्टिन, सॅन अँटोनिओकडे असतील तर त्यांना जरूर कळवा. तिथे ओक विल्ट हा रोग आणणारी बुरशी आहे. रस चाखणारे बारीक भुंगे तिचे बीजाणू ताज्या जखमेवर आणून सोडतात, आणि लाइव्ह ओकची मुळं एकमेकांत जुळलेली असल्यामुळे एका झाडाचा रोग अख्ख्या आळीत पसरतो. म्हणून तिथे फेब्रुवारी ते जून ओक छाटायचा नाही, आणि वर्षभरात केव्हाही काप घेतला तरी लगेच रंग लावायचा. २०२३ च्या फेब्रुवारीच्या तोंडावर ऑस्टिनला जे बर्फवादळ झालं, त्यात हिवाळ्यातही पानं धरून ठेवणाऱ्या लाइव्ह ओकवर बर्फ जास्त साचला आणि मोडतोड नेमकी निषिद्ध महिन्यांच्या दाराशी झाली. अशा वेळी धोक्याच्या मोडक्या फांद्या काढाव्याच लागतात. मग कापायचं, आणि मिनिटांत रंग लावायचा. साधा भिंतीचा रंगही चालतो. मिशिगन, विस्कॉन्सिन, इलिनॉय या भागांतही ओक वसंतापासून भर उन्हाळ्यापर्यंत छाटत नाहीत.

आता तुमची झाडं. सर्वांत अवघड निर्णय सिल्व्हर मेपलचा. हे झाड झपाट्यानं वाढतं, म्हणून बिल्डरांनी ते घराघराशी लावलं, पण त्याचं लाकूड कमजोर आहे आणि कुजेभोवती बांध घालण्यातही ते मागे पडतं. बेचक्यातली भेग नीट बघा. दोन जाड खोडं अरुंद कोनात एकमेकांना चिकटून वाढली असतील तर मधे साल अडकते, आणि तिथे जोड दिसतो तेवढा पक्का नसतो. भेग वरच्या वर असेल, लाकूड घट्ट असेल, तर आरपार लोखंडी सळई बसवून आणि बेचक्यापासून शेंड्याकडे दोन तृतीयांश उंचीवर पोलादी केबल ताणून झाड वाचवता येतं. हे काम प्रशिक्षित माणसाचंच, आणि त्यानंतर ठरावीक काळानं तपासणीही हवी. झाडाभोवती तार किंवा साखळी गुंडाळून आवळणं हा उपाय नाही. काही वर्षांत ती सालीत रुतते आणि वरचा भाग उपाशी मरतो. भेग खोडात खाली उतरली असेल, आरपार दिसत असेल, किंवा आत भुसा नाहीतर ढोली असेल आणि झाडाच्या टप्प्यात घर किंवा मुलांचा झोका असेल, तर ते काढा. मला झाडं काढायला आवडत नाही, पण निजायच्या खोलीवर झुकलेल्या चिरलेल्या मेपलशी मी तडजोड करत नाही.

पेअरचा निर्णय सोपा आहे. काढून टाका. ब्रॅडफर्ड पेअर १९६३ साली अमेरिकी कृषी खात्यानं बाजारात आणलं आणि त्याच्या वसंतातल्या पांढऱ्या फुलांनी सगळे भुलले. त्याच्या सगळ्या फांद्या जवळजवळ एकाच जागेतून, उभट, अरुंद कोनात निघतात. पंधरा-वीस वर्षांचं झालं की ते असंच चिरतं. एक अर्धं गेलं की उरलेलं अर्धं एकांगी राहतं आणि पुढच्या वाऱ्यात जातं. शिवाय ते रानोमाळ पसरतं. ओहायोनं २०२३ पासून आणि पेनसिल्व्हेनिया व साउथ कॅरोलायनानं २०२४ पासून त्याची विक्री बंद केली आहे. बुंधा यंत्रानं भरडून घ्या, नाहीतर कलमाच्या खुंटापासून काटेरी फुटवे येत राहतात.

बर्चला वेळ द्या. फक्त मोडलेल्या फांद्या काढा आणि ऊब येईपर्यंत वाट बघा. वाकलेली खोडं आठवड्या-महिन्यांत बरीचशी आपणहून उठतात. वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुतल्यासारखी साल किंवा बाहेरच्या बाजूला उभी चीर दिसली, तर ते खोड आतून मोडलंय, ते बुडापासून काढा. रिव्हर बर्चला सहसा दोन-तीन खोडं असतात, एक गेलं तरी झाड राहतं. मनगटाएवढं बारीक खोड पानं फुटेपर्यंतही उठलं नाही तर रुंद पट्ट्यानं जमिनीत रोवलेल्या खुंटाला सैल बांधा. थोडी हालचाल होऊ दे, त्यानंच खोड जाड होतं. वर्षाच्या आत पट्टा सोडा.

आर्बरव्हायटीच्या फाकलेल्या खोडांना मऊ, रुंद पट्टीनं हळूहळू जवळ आणा आणि उन्हाळ्यापर्यंत तशीच ठेवा, मग पट्टी काढा. मोडलेलं खोड कापाच, पण हिरव्या भागाच्या आत, तपकिरी लाकडापर्यंत कातरू नका. तिथून ती पुन्हा फुटत नाहीत. पाइन-स्प्रूसचंही असंच आहे. भगदाड दिसेल. शेजारची खोडं ते दोन-तीन वर्षांत हळूहळू भरतात. येत्या नोव्हेंबरात मात्र पहिल्या हिमाआधी प्रत्येक झाडाला खालपासून वरपर्यंत सुतळीचा सैल वेढा द्या. एवढ्यानं बहुतेक फाकणं टळतं.

छाटणी झाली की खरं काम उन्हाळ्यात असतं. मोडलेल्या झाडाला खत घालायचा मोह आवरा. नत्रानं लुसलुशीत वाढ येते आणि ती पोसण्यात साठा खर्च होतो. निदान पहिलं वर्ष खत नको. त्याऐवजी पाणी द्या: पाऊस नसेल त्या आठवड्यात इंचभर, एकदाच आणि खोल. बुंध्याभोवती दोन ते चार इंच लाकडी चुऱ्याचं आच्छादन करा, पण खोडाला टेकू देऊ नका. इथे जागोजागी बुंध्यावर चुऱ्याचे डोंगर रचलेले दिसतात, त्यानं साल कुजते आणि उंदीर आसरा धरतात. वाहनवाटेवर मीठ टाकलं असेल तर वसंतात त्या बाजूची माती भरपूर पाण्यानं धुऊन काढा.

जूनपर्यंत कोणती फांदी जिवंत आहे हे स्पष्ट होईल. शंका असेल तर नखानं साल खरवडा, खाली हिरवं दिसलं तर हात लावू नका. पहिल्या उन्हाळ्यात कापांजवळ आपल्याकडचे बागवाले ज्यांना पानसोट म्हणतात तसे फुटवे गर्दीनं येतील. ते कुरूप दिसतात, तरी सगळे राहू द्या. त्यांची पानं आत्ता हवी आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एकेका खुंटावरचे एक ते तीन जोमदार, नीट जागी असलेले फुटवे निवडा, बाकीचे काही काढा, काही आखूड करा. एका वर्षात सगळे काढू नका. असं तीन-पाच वर्षं केलं की मोडक्या झाडाला पुन्हा डौल येतो.

माणूस निवडताना न्यू जर्सीत सोय आहे. राज्याचा कायदा झाडांच्या कामाला परवानाधारक तज्ज्ञ आणि नोंदणी मागतो. परवाना क्रमांक विचारा, दायित्व विमा आणि कामगार विम्याचे कागद बघा, कोणती फांदी कुठे कापणार हे लिहून घ्या. आगाऊ पूर्ण पैसे मागणारा, जिवंत झाडावर टोकदार खिळ्यांचे बूट घालून चढणारा किंवा शेंडे उतरवण्याचा आग्रह धरणारा माणूस नको. कापलेलं लाकूड दुसऱ्या गावच्या मित्राला शेकोटीसाठी देऊ नका. हिवाळ्यात सालीवर स्पॉटेड लँटर्नफ्लाय या उपद्रवी किड्याची अंडी असतात, आणि लाकूड अ‍ॅश झाडाचं असेल तर आत खोडकिडा. तो या राज्यात २०१४ पासून आहे. म्हणूनच मोडलेल्या अ‍ॅशवर दुरुस्तीचा खर्च करू नका, असंही मी सांगतो.

पेअरच्या जागी काय लावायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. जागा लहान असेल तर अमेरिकन हॉर्नबीम, मोठी असेल तर स्वॅम्प व्हाइट ओक किंवा नर गिंको. तिन्ही बर्फाचा भार चांगला सोसतात. गिंको मादी निघाली तर फळांचा वास सहन होत नाही, म्हणून रोपवाटिकेत नर वाणच मागून घ्या. शरदात किंवा वसंताच्या सुरुवातीला लावा. बुंधा जिथे रुंदावून मुळांत उतरतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. लावल्यावर दोन वर्षं फक्त पाणी. तिसऱ्या वर्षापासून हिवाळ्याच्या अखेरीस दर वर्षी थोडी छाटणी करा. मधलं एक खोड पुढे राहू द्या, त्याच्याशी बरोबरी करणारं दुसरं खोड आखूड करा, अरुंद कोनातली फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढा.

मेपलच्या बेचक्याचे दोन-तीन फोटो, एक जवळून आणि एक संपूर्ण झाडाचा, तज्ज्ञाला बोलावताना आधीच पाठवा. काम तातडीचं आहे की आठवडाभर थांबेल, हे त्यावरून त्याला ठरवता येईल.